फ्लूट घेऊन मलकापूरला

महाराष्ट्रात मलकापुरे किती, हे मला एक जुने वाद्य विकायला निघेपर्यंत ठाऊक नव्हते. एक बुलढाणा जिल्ह्यात आहे. मुंबईहून नागपूरकडे जाताना भुसावळनंतर डोळा लागला नाही, तर ते दिसते. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या वाटेवर. आणि तिसरे कऱ्हाडला अगदी खेटून, कोयनेच्या दक्षिण तीरावर. त्यामुळे फोनवर पलीकडून "मलकापुरातनं बोलतोय, फ्लूट विकायची हाय म्हनं तुमच्याकडं" असा आवाज आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिलेच मलकापूर उभे राहिले आणि मी घाबरून म्हणालो, "एवढ्या लांबून बोलताय?"

"लांब कुठलं? तुम्ही सांगलीस्नं गाडीत बसला की दीड-दोन तासांत कऱ्हाड. फूल उतरला की आमचं गाव!"

"पूल" म्हणजे कोयनेचा, हे कळायला मला थोडा वेळ लागला. पण हे मलकापूर तिसरे आहे हे कळताच जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी विचारले, "वाजती न्हवं?"

"वाजते," मी म्हणालो.

या एका शब्दात मी जे लपवले, ते पुढे मलकापूरपर्यंत माझ्याबरोबर प्रवास करीत होते.

फ्लूट माझ्या काकांची. काका तरुणपणी बेळगावला पलटणीच्या बँडमध्ये होते. तिथे एकदा निकालात काढलेल्या वाद्यांचा ढीग विकायला निघाला, त्यातून त्यांनी ही तीस रुपयांना उचलली. लंडनची बनावट, लाकूड गडद तपकिरी, वेस्ट इंडीजकडचे, कोकस नावाचे. सहा भोके बोटांनी झाकायची आणि त्याखेरीज आठ चाव्या. आपल्या बांबूच्या बासरीत कोमल स्वर हवा असला, की वादक भोक अर्धे झाकतो. साहेबाने त्या जागी वेगळे भोक पाडून त्यावर चावी बसवली, एवढाच काय तो फरक. पुढे म्युनिकच्या थिओबाल्ड बोहम नावाच्या कारागिराने १८३२ मध्ये आणि मग १८४७ मध्ये फ्लूटची सगळी रचनाच बदलली. भोके मोठी केली, सगळीकडे चाव्या आणल्या, नळी लाकडाऐवजी धातूचीही केली. आज वाद्यवृंदात चमकते ती ही बोहमची फ्लूट. काकांची तिच्या आधीच्या घराण्यातली, म्हणजे सरदारकी गेलेली पण पागोटे न उतरवलेली.

पलटण सोडल्यावर काका सांगलीला आले, एका शाळेत मुलांचा बँड शिकवू लागले. संध्याकाळी घरी आले, की हातपाय धुऊन मधल्या खोलीत बसत. काकू तंबोरा घेत आणि काका फ्लूट काढीत. तंबोरा अर्थातच मिरजेचा. सांगलीपासून पाच-सहा मैलांवर हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या वंशात तंतुवाद्ये बनविण्याची विद्या शतक-दीड शतक नांदली आहे, तर दुसरीकडचा तंबोरा कोण आणील? (या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.) आमच्या घरात एक चांगली पायपेटी होती, पण काकांनी तिच्यासंगे कधी वाजवले नाही. लहानपणी मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "पेटीचं आणि आमचं पटत नाही." मला वाटले, काकांचा स्वभाव!

काका २०१८ मध्ये गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला जो पूर आला, त्यात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. काकूंच्या घरात ते खिडकीच्या वर होते. तंबोरा भिंतीला उभा होता, तो गेला. पायपेटी फुगून फाटली. फ्लूट तेवढी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिली. काकू सावरतात न सावरतात तोच २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा उंबऱ्याच्या आत आले. भिंतींचा गिलावा ढासळला, विजेच्या तारा नव्याने घालायला हव्या होत्या. पैशाची विवंचना काकू बोलून दाखवीत नाहीत. एक दिवस त्यांनी ट्रंक उघडायला लावली आणि म्हणाल्या, "ही विकून टाक. दोन पुरांतून वाचली. तिसऱ्यात वाचेलच असं नाही."

आणि मग थोड्या वेळाने, "वाजवणाऱ्याला दे हो. नुसतं ठेवणाऱ्याला नको."

जुनी वस्तू विकणे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जुनी फ्लूट विकून पाहावी. पहिला आला तो पुण्याचा एक विद्यार्थी. त्याने चाव्या पाहिल्या आणि नम्रपणे सांगितले, की त्याला बोहमचीच हवी. दुसरा वाद्यवृंदात वाजविणारा. त्याने खिशातला मोबाइल काढून समोर ठेवला आणि एक स्वर लावला. यंत्राचा काटा उजवीकडे गेला आणि तिथेच थरथरत उभा राहिला. "चढी आहे," तो म्हणाला, "कुणाबरोबरच जुळणार नाही." त्याने मला जे समजावून सांगितले ते असे. एके काळी इंग्रजांच्या लष्करी बँडांची पट्टी आजच्यापेक्षा चढी असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती उतरवली गेली, आणि १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत सगळ्या जगासाठी एकच माप ठरले: मधला 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा. जुन्या लष्करी वाद्यांचा तोच स्वर ४५२ च्या आसपास बोले. फरक केवढा? पेटीच्या पांढऱ्या पट्टीपासून शेजारच्या काळीपर्यंत जे अंतर, त्याच्या जवळजवळ निम्मा. तार असती तर खुंटी पिळून उतरवली असती; लाकडाला पाडलेली भोके कुठे सरकवणार? पट्टी उतरली त्या दिवशी असली हजारो वाद्ये एका फटक्यात बाद झाली. काकांची फ्लूट बेळगावच्या त्या ढिगात का पडली होती, हे मला इतक्या वर्षांनी उमगले.

तिसरे गिऱ्हाईक एका हॉटेलचे मालक. त्यांना ती काचेच्या पेटीत, वर दिवा सोडून, भिंतीला लावायची होती. चाळीस हजार देतो म्हणाले. वाजते की नाही, हे त्यांनी विचारलेच नाही. मी काकूंना आकडा सांगितला. त्या गिलावा उडालेल्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणखी एखादा येतो का, बघ."

आणि मलकापूरचा फोन आला. किंमत मी पंचवीस हजार सांगितली होती.

सांगलीहून कऱ्हाडकडे गाडी निघाली, की नांद्रे, भिलवडी अशी स्टेशने मागे पडतात. उसाची शेते काही संपत नाहीत. मग किर्लोस्करवाडी येते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या माळावर कारखाना आणि गाव एकदमच वसवले, तो माळ आज कुणी दाखवून देईल तरच कळेल. पुढे ताकारी, शेणोली, आणि मग कऱ्हाड. स्टेशन मात्र कऱ्हाडात नाही, ते ओगलेवाडीला. ओगल्यांच्या काच-कारखान्याचे हे गाव. ज्यांच्या घरी 'प्रभाकर' कंदिलाच्या उजेडात कुणी अभ्यास केला असेल, त्यांना नाव परके वाटणार नाही. माझ्या मांडीवर खोक्यात फ्लूट होती. त्या खोक्याची डावी कडी आपोआप सुटते, म्हणून काकूंनी त्याला आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची नाडी बांधून दिली होती.

कऱ्हाडचे नाव प्राचीन. मध्य भारतातल्या भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत 'करहाकट' गावचे लोक आहेत, म्हणजे गाव दोन हजार वर्षांहून जुने. गावाच्या कडेला उत्तरेकडून कृष्णा येते आणि दक्षिणेकडून कोयना. नद्या सहसा तिरक्या मिळतात. या दोघी समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. मी काठावर पाच मिनिटे उभा राहिलो. हेच पाणी पुढे सांगलीला जाते. आज थंडीच्या दिवसांत ते इतके शहाण्यासारखे वाहत होते, की याने काकूंच्या खिडकीवर खूण करून ठेवली आहे, हे सांगून खरे वाटले नसते.

रिक्षा कोयनेच्या पुलावरून पलीकडे उतरली. मलकापूर हे पूर्वी कऱ्हाडच्या सावलीतले खेडे असणार. आता ते स्वतःच गाव झाले आहे. हमरस्त्यावर मालमोटारींची रांग, दोन्ही बाजूंना दुकाने, कृष्णा रुग्णालयाच्या परिसरात हातात डबे आणि रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन उभे असलेले चार जिल्ह्यांचे लोक. रस्ता सोडून आत वळले, की आवाज कमी होतो आणि समोर आगाशिवाचा डोंगर दिसतो. या डोंगराच्या अंगावर बौद्ध लेणी आहेत, साठांहून अधिक. बहुतेक साधी, नक्षीचा सोस नसलेली. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जेवढे लागते तेवढेच कोरलेले.

मास्तर दारातच उभे होते. बँडमध्ये चाळीस वर्षे क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, म्हणून सगळे गाव त्यांना मास्तर म्हणते. सत्तरीचे, पांढरी टोपी, गाल वाजवणाऱ्यांचे असतात तसे. "या पाव्हणं," म्हणाले, "आदी पानी घ्या." त्यांच्या मंडळी तांब्या घेऊन आल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, "आमच्यात हंडं भरून ठेवायला लागत न्हाई. चोवीस तास येतंय." हे मी पुण्याहून आलेल्या माणसाने ऐकून घेणे भाग होते. मलकापूरने २००९ च्या सुमारास घरोघर मीटर बसवून अहोरात्र पाणी सुरू केले, आणि ते पाहायला दूरदूरची मंडळी येऊन गेली. पाणी मोजून मिळू लागले, तसे लोक ते जपून वापरू लागले. चोवीस तास नळ असूनही सांडलवंड कमी झाली. मोजमापाचा हा एक फायदा. दुसरा, म्हणजे तोटा, माझ्या मांडीवर खोक्यात होता.

मास्तरांनी नाडी सोडली. चार तुकडे एकेक करून उचलले, वास घेतला, उजेडाकडे धरून नळीतून आरपार पाहिले. सांध्यांचे बूच अंगठ्याने दाबून बघितले. मग खालच्या तुकड्याचे तोंड तळव्याने बंद केले, भोके बोटांनी झाकली आणि वरून हवा ओढून घेतली. ओठाला ती चिकटून राहिली, म्हणजे हवा गळत नव्हती. "गाद्या बदलाव्या लागत्याल," ते म्हणाले. चाव्यांखाली कातड्याच्या बारीक गाद्या असतात, त्या पुराच्या दमटाने कडक झाल्या होत्या. "ते मी करीन. क्लॅरिनेटच्या मीच करत आलोय."

"बँडचं काम अजून असतं का?" मी विचारले.

"डीजे आला न्हवं," एवढेच म्हणाले. मग जरा वेळाने, "आता लग्नात वाजवायचं न्हाई. आता सोतासाठी वाजवायचं. क्लॅरिनेटला छातीत दम लागतो, डॉक्टरनी नगं म्हनून सांगितलंय. बांबूच्या बासरीवर बोटं पोचत न्हाईत. ही बसंल, असं वाटतंय."

खोलीच्या कोपऱ्यात पेटी होती. मंगळवारी त्यांच्याकडे भजन बसे. मास्तरांनी फ्लूट जोडली, ओठाला लावली आणि माझ्या मनात आले, आत्ता बोलावे. यांनी पेटीवर हात ठेवण्याआधी. पंचवीस हजार रुपये म्हणजे काकूंच्या दोन भिंती होत्या. हे गृहस्थ बिचारे पेटीवर हात न ठेवतील, आज नुसतीच फुंकून घेतील, मंगळवारी भजनात काय व्हायचे ते होईल, असाही एक विचार येऊन गेला. तो विचार माझाच होता, हे इथे लिहून ठेवतो.

"मास्तर, फोनवर एक गोष्ट सांगितली नाही," मी म्हणालो. "ही जुन्या पट्टीतली आहे. चढी. पेटीशी जुळणार नाही. आणि वरच्या तुकड्याला एक बारीक चीर आहे. आतून धातूची नळी आहे, लाकूड आवळलं आणि तडकलं. काकांनी मेण भरलंय. तुम्हाला नको असेल तर मी समजू शकतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाहीत. मांडी बदलली, डाव्या हाताने पेटीचा भाता ओढला आणि पांढरी पाच धरली. मंडळींना म्हणाले, "धर गं हितं." मग फ्लूटच्या वरची तीन भोके झाकून सा लावला. दोन आवाज एकमेकांवर घासले गेले. पांढरी पाच सोडून काळी चार धरायला लावली, तर फ्लूट आता खाली. त्यांनी वरचा तुकडा बाहेर ओढून लांबी वाढवली; सा कसाबसा पेटीच्या जवळ आला, पण वरच्या सप्तकातला सा भलतीकडेच गेला. भाता मिटला. खोलीत एकदम शांत झाले.

"मधोमध हाय," मास्तर म्हणाले. "पांढरी पाच आन् काळी चारच्या बरुबर मधी."

मी खोक्याकडे हात नेला.

"थांबा की," ते म्हणाले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. त्यांची नात तंबोरा घेऊन आली. ती कऱ्हाडला गाणे शिकायला जाते. बायकी पट्टीचा तंबोरा, मिरजेचाच. मास्तरांनी फ्लूटचा वरचा तुकडा पुन्हा पूर्ण आत बसवला, एक लांब सा धरला आणि पोरीने खुंट्या थोड्या थोड्या फिरवल्या. जवारीचा धागा सरकवला. तार खाली येत येत एका जागी थांबली आणि तिथे फ्लूटचा आवाज कुठे संपतो आणि तंबोऱ्याचा कुठे सुरू होतो, हे सांगता येईना.

त्यांनी काय वाजवले, ते मी नीट सांगू शकणार नाही. मला गाण्यातले फार कळत नाही. एवढे दिसले, की चाव्यांना त्यांनी फारसा हात लावला नाही. बोटे भोकांवरून हळूहळू सरकत होती आणि एका स्वरातून दुसरा उमलत होता. बोहमच्या फ्लूटवर हे अवघड, कारण तिथे बोट आणि भोक यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी चावी असते. या जुनाट फ्लूटवर बोट थेट लाकडाला लागते, बांबूच्या बासरीवर लागते तसेच. पन्नालाल घोषांनी (१९११ ते १९६०) लांब बांबू हाती घेऊन बासरीला मैफिलीत बसवले, ते अशाच उघड्या भोकांच्या जोरावर.

वाजवून झाल्यावर मास्तर म्हणाले, "तुमचं काका पेटीसंगं कधी वाजवत नसणार."

मी चमकलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"ही पेटीसंगं वाजायचीच न्हाई. त्यांनी घेतली तवाच त्यांना ठावं असनार. तंबोरा तुमच्या घरात हुता का?"

मी नुसती मान हलवली. मधली खोली, काकूंचा उजवा हात आणि "पेटीचं आणि आमचं पटत नाही" हे वाक्य, तिन्ही एकदम समोर आले. बँडने टाकून दिलेले वाद्य काकांनी तीस रुपयांना घेतले ते नासके म्हणून स्वस्तात नव्हे. आपल्या गाण्यात सा कुठे मांडायचा, हे कुठली परिषद ठरवत नाही, हे त्यांना माहीत होते. ज्याच्या घरी तंबोरा आहे, त्याच्या घरी ती मुळीच चढी नव्हती.

किमतीची गोष्ट निघाली. मी आपण होऊन वीस म्हणालो. चीर होती, गाद्यांचा खर्च होता. मास्तरांनी घासाघीस केली नाही. भजनाच्या वहीच्या कव्हरात ठेवलेल्या नोटा काढून मोजल्या, मला पुन्हा मोजायला लावल्या. निघताना मी नाडी परत मागितली नाही. त्यांनी खोके बंद केले तेव्हा डावी कडी सुटली, आणि त्यांनी न सांगताच ती लुगड्याच्या काठाने बांधली.

सांगलीला रात्री पोहोचलो. काकूंनी नोटा घेतल्या, चाळीसाचे वीस का झाले, हे विचारले नाही. विचारले ते एवढेच, "सा कुठं लावला?"

"पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे."

"हो, तिथंच," काकू म्हणाल्या, आणि नोटा डब्यात ठेवायला उठल्या. त्या वीस हजारांत तारा नव्या झाल्या आणि एकाच भिंतीचा गिलावा झाला. दुसरी तशीच राहिली.

ही गोष्ट २०२२ च्या जानेवारीतली. वास्तविक इथे ती संपायला हरकत नव्हती. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध पैसे मोजले की तुटतो, असा व्यवहार आहे. पण त्याच वर्षी पावसाळ्यात एके दिवशी सकाळी काकूंच्या घरी फोन वाजला. मास्तरांनी माझ्याकडून नंबर घेऊन ठेवला होता. "काकू," ते म्हणाले, "कोयनेला पानी वाढलंय. संगमावर बघून आलो आत्ता. हितं चढलं की मागनं तुमच्याकडं येतंय. खालचं सामान वर टाकून घ्या."

त्या खेपेला पाणी घरात आले नाही. पण तेव्हापासून दर पावसाळ्यात, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की मलकापूरचा फोन येतो. काकू आधी पाण्याचे विचारतात. मग मास्तर फोन नातीच्या हातात देतात, तिकडे तंबोरा लागतो, आणि काकू रिसीव्हर कानाशी धरून, भिंतीला टेकून, दहा मिनिटे उभ्या राहतात.